ओल्या लाकडाची चौकशी

तांब्याच्या कारखान्यात होतो म्हटलं की आमच्या नांदेडात समोरचा माणूस आधी विचारतो, "मग घरी हंडे-कळशा लई असतील?" नाहीत. माझ्या घरी स्टीलचे हंडे आहेत आणि प्यायचं पाणी फिल्टरचं आहे. शेजारचे देशमुख काका रोज सकाळी तांब्याच्या बाटलीतलं पाणी पिऊन फिरायला निघतात आणि फाटकाशी थांबून मला तांब्याचे गुण समजावून सांगतात. मी ऐकून घेतो. ज्याने तीसेक वर्षं तांब्याच्या भट्टीचा धूर नाकाने ओढला त्याच्या अंगात तांबं कमी पडलं असेल, असं त्यांना का वाटतं कुणास ठाऊक.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे "कारकिर्दीचा आढावा" मागितला होता. तो मी देणार नाही. कधी लागलो, कधी बढती मिळाली, कोणत्या साहेबाने पाठ थोपटली, हे माझी बायकोसुद्धा ऐकून घेत नाही. कंपनीचं नावही सांगत नाही, कारण तिथले निवृत्त लोक फार रिकामे आहेत आणि लांबलचक पत्रं लिहितात. मला एका लाकडाबद्दल सांगायचं आहे. तांब्याच्या कारखान्यात लाकडाचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा तेच वाटलं होतं, आणि पुढचं रामायण त्यातूनच घडलं.

मी निलंग्याजवळच्या एका खेड्यातला. लातूरला डिप्लोमा केला, जाहिरात बघून अर्ज टाकला आणि दोन दिवस रेल्वेत बसून उत्तरेतल्या उघड्याबोडक्या डोंगरात उतरलो. महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक जण तिथे बंबईवाला. मी तोवर मुंबई पाहिली नव्हती, हे कुणाला पटायचं नाही. शेवटी मीही समुद्राच्या दोन-चार थापा ठोकून द्यायला लागलो.

त्या डोंगरात आमच्या आधी शेकडो वर्षं माणसं तांब्यासाठी खणत होती. पायथ्याला त्यांच्या भट्ट्यांतल्या काळ्या मळीचे ढीग पडलेले होते. आमच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या ढिगांच्या वर जाऊन भोकं पाडली आणि खाली खनिज लागलं. पाहुण्यांना दाखवायच्या फलकावर मात्र याला "अत्याधुनिक सर्वेक्षण" म्हटलेलं होतं.

कारखाना म्हणजे एकाच कुंपणाच्या आत दगडापासून चकचकीत पत्र्यापर्यंत सगळं. खाणीतून दगड वर यायचा. शंभर किलो दगडात तांबं एखादा किलो. दगड फोडायचा, पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवून थोडं तेल टाकायचं आणि खालून हवा सोडायची. मोठा फेस येतो. तांब्याचे कण फेसाला चिकटून वर तरंगतात, दगडाची पूड खाली बसते. आमच्याकडे गुऱ्हाळात फेस काढून टाकतात आणि रस ठेवतात, इथे फेस ठेवायचा आणि बाकीचं फेकायचं. तो फेस वाळवून भट्टीत, तिथून दुसऱ्या भट्टीत, तिथून तिसऱ्या भट्टीत. धुरातला गंधक वेगळा काढून त्याचं आम्ल बनवायचे. तिसऱ्या भट्टीतून जाड पाट्या ओतायच्या, त्या विजेच्या हौदात टांगायच्या, आणि मग कुठे शुद्ध तांबं. एक गडी अडला की मागचे सगळे अडतात, अशी ती रांग होती.

मी होतो त्या तिसऱ्या भट्टीवर. तिथली अडचण मजेशीर होती. वितळलेल्या तांब्यात उरलेला गंधक घालवायला आत हवा फुंकायची. गंधक जातो, पण हवेतला ऑक्सिजन तांब्यात घुसून बसतो. एक पाहुणा घालवायला दुसरा बोलावला आणि तो मुक्कामी राहिला. त्याला बाहेर काढायला भट्टीच्या दारातून निलगिरीचे लांब, सरळ, ओले सोट थेट तांब्यात खुपसायचे. ओल्या लाकडातला रस आणि वाफ उसळते, तांबं खदखदतं, लाकडाचा वायू ऑक्सिजनला घेऊन बाहेर पडतो. विज्ञान एवढं पुढे गेलं तरी तांब्याचं शेवटचं औषध ओलं लाकूड, हे मला आजही आवडतं.

ते कधी थांबवायचं, हे सांगणारं यंत्र नव्हतं. हरनामसिंग उस्ताद होते. पंजाबचे, उंचेपुरे, शिक्षण सातवीपर्यंत. लांब दांड्याच्या चमच्याने ते थोडं तांबं काढायचे, छोट्या साच्यात ओतायचे आणि थिजताना बघत बसायचे. वरचा पृष्ठभाग मध्ये खचला तर ऑक्सिजन अजून आहे. फुगला तर लाकूड जास्त झालं. सपाट राहून त्यावर सायीवर पडतात तशा बारीक सुरकुत्या आल्या की उस्ताद नुसता हात वर करायचे आणि ओतकाम सुरू व्हायचं. प्रयोगशाळेचा अहवाल तासाभराने यायचा आणि उस्तादांशी सहमत व्हायचा. आमचा फोरमन त्या वर्षी निवृत्त होणार होता आणि त्याची जागा उस्तादांना मिळणार, हे भट्टीवरचा प्रत्येक माणूस धरून चालला होता. उस्तादांना ती हवी होती. चमचा धरणारा माणूस आजवर फोरमन झाला नाही, आपण होऊन दाखवू, असं ते उघड बोलायचे.

मला ते "मराठे" म्हणायचे. मी मराठा नाही, लिंगायत आहे, हे मी एकदा त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक है मराठे, चम्मच पकड."

आता माझी गोष्ट. मी प्रोबेशनवर होतो, ते जूनअखेर संपणार होतं. इकडे औशाच्या एका किराणा दुकानदाराच्या मुलीशी माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगी पाहिली, मुलगा पाहिला, घराणी जुळली. अडलं होतं एकाच ठिकाणी. मुलीचे वडील माझ्या वडिलांना दुकानाच्या पायरीवर बसवून म्हणाले, "पोरगं चांगलं हाय हो. पर परमनंट हाय का न्हाई? टेम्परवारी माणसाला मी पोरगी देत नसतो." तेव्हा परमनंटचं पत्र मिळाल्याशिवाय महानंदा माझी होणार नव्हती, आणि मला ती एकदाच पाहून लई आवडली होती. हे सगळं मी उस्तादांना सांगून ठेवलं होतं.

मे महिन्यात उस्ताद भाचीच्या लग्नाला पंधरा दिवस गावी गेले. जाताना मला म्हणाले, "मराठे, लकडी का ध्यान रखना." मी ध्यान ठेवलं.

लाकडाचा अड्डा भट्टीपासून थोडा लांब होता. सोट गवती छपराखाली, वर ओली पोती, आणि मंगल नावाचा एक म्हातारा गडी दिवसातून दोनदा त्यावर नळीने पाणी मारायचा. मी ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या गावात जळणावर पाणी मारणाऱ्या माणसाला लोकांनी देवऋष्याकडे नेलं असतं. मृगाच्या आधी तुराट्या, पळाट्या, बाभळीची लाकडं वाळवून, रचून, झाकून झाली नाहीत तर माझी अव्वा, म्हणजे आई, कुणाला सुखाने जेवू द्यायची नाही. ओल्या जळणाच्या धुराने डोळे गेलेल्या दोन बायका आमच्याच गल्लीत होत्या. एक माझी चुलती. ओलं लाकूड म्हणजे बाईचा छळ, एवढं मला लहानपणापासून ठाऊक होतं.

भट्टीवर येऊन मला दोनच महिने झाले होते, त्याआधी मी दगड फोडण्याच्या विभागात होतो. लाकूड खुपसतात ते भट्टी तापती ठेवायला, असाच माझा समज होता. डिप्लोमाच्या पुस्तकात याबद्दल चार ओळी होत्या. त्यात "ओले" हा शब्द होता, हे मला पुढे कळलं.

मंगल म्हणाला, "साब, ये गीली ही रखते हैं."

"का?"

"मालूम नहीं. उस्ताद बोलते हैं."

मी हसलो. पाणी बंद केलं, पोती काढली, गडी लावून सगळे सोट उन्हात एकेक पसरले. लवकर वाळावेत म्हणून साली सोलून घेतल्या. त्या डोंगरातलं मे महिन्याचं ऊन म्हणजे आपल्या लातूरचं ऊन त्यापुढे लाजेल. आठवड्यात लाकूड ठणठणीत झालं. मग मी ते लांबीप्रमाणे रचलं, रांगांना नंबर दिले. घरी पत्रात कौतुकाने लिहिलं, इथले लोक जळण भिजवून ठेवतात, मी त्यांना वळण लावलं. धाकट्या भावाने अव्वाचं उत्तर लिहून पाठवलं, "बरं केलास लेकरा. अडाणी हायेत बिचारे."

त्याच आठवड्यात जनरल मॅनेजर साहेबांची फेरी झाली. ते अड्ड्यापाशी थांबले, रांगा आणि नंबर बघून खूश झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "व्हेरी सिस्टिमॅटिक." माझी छाती दोन इंच फुगली. भट्टीमागच्या सावलीत सालीसकट जुन्या ओल्या लाकडाचा साठा होता, पंधरा दिवस काम त्यावर चाललं, त्यामुळे कुणाला काही समजलं नाही.

उस्ताद परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीत तो साठा संपला आणि माझं लाकूड आलं.

एरवी सोट आत गेला की तांबं असं उसळायचं की उभं राहायची फळी हादरायची. त्या दिवशी सोट दारातच भडाभडा पेटला आणि खाली तांबं निवांत पडून राहिलं. उस्तादांनी नमुना काढला. मध्ये खचलेला. दुसरा सोट, तिसरा, आठवा. नमुना खचलेलाच. उस्तादांनी ढिगातला एक सोट उचलून फरशीवर आपटला. तो खणखणीत वाजला. त्यांनी सोललेल्या लाकडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मराठे, ये किसने सुखाई?"

"मी."

"क्यों?"

"ओली होती, उस्ताद."

त्यांनी सोट खाली ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आमची भट्टी भरलेली, म्हणून मागच्या भट्टीला तांबं ओतायला जागा नाही. ती थांबली की तिच्या मागची थांबणार, धूर थांबला की आम्लाचा कारखाना थांबणार. क्रेनवाला तांब्याने भरलेलं भांडं टांगून वरून ओरडत होता, "कहाँ डालूँ?" तसंच ओतावं तर पाट्या फोडांनी भरून निघतील आणि विजेच्या हौदात नासतील. लाकडाचा ठेकेदार गाडी घेऊन यायला दोन दिवस लागणार होते. मला समोर औशाचं दुकान दिसत होतं, आणि त्याचं शटर खाली येत होतं.

उस्ताद म्हणाले, "हरी लकडी चाहिए. अभी."

त्या डोंगरात काटेरी झुडपांशिवाय काही उगवायचं नाही. सरळ, उंच, हिरवी झाडं एकाच ठिकाणी होती. जनरल मॅनेजरच्या बंगल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर साहेबांच्या पत्नीने वनमहोत्सवात लावून घेतलेली निलगिरी. प्रत्येक झाडाशी सिमेंटची पाटी, त्यावर झाड लावणाऱ्या पाहुण्याचं नाव.

मी विचारलं, "परवानगी?"

"परमिशन लेने जाएँगे तो तांबा जम जाएगा. आरी उठा."

आम्ही ट्रक घेऊन गेलो. करवत मी चालवत होतो. दुसरं झाड पडलं तशा बाईसाहेब बाहेर आल्या. "ये क्या हो रहा है?"

उस्तादांनी हात जोडले. "बीबीजी, भट्टी बीमार है. दवा ले जा रहे हैं."

"और ये? ये तो मंत्रीजी का पेड है!"

उस्तादांनी त्या झाडाकडे खालून वरपर्यंत नीट पाहिलं. "इसे छोड दे मराठे. मंत्रीवाला टेढा है."

मंत्री वाचले. दोन सचिव, एक खासदार आणि तीन अध्यक्ष आम्ही आडवे केले, पाल्यासकट ट्रकमध्ये घातले आणि भट्टीवर आणले. पहिला सोट आत गेला आणि तांबं जे उसळलं, ते पाहून मी भट्टीसमोर अक्षरशः रडलो. घामात कुणाला दिसलं नाही. दुपारी दोनच्या सुमारास नमुना सपाट आला, बारीक सुरकुत्या आल्या, उस्तादांनी हात वर केला.

तांबं वाचलं, झाडं गेली, म्हणून चौकशी लागली. तीन साहेबांची समिती, थंड खोली, टेबलावर चहा आणि बिस्किटं. अध्यक्षस्थानी स्वतः जनरल मॅनेजर. उस्तादांना आधी बोलावलं. मी बाहेर बाकावर, सगळं कबूल करायचं भाषण मनात पाठ करत बसलेलो. उस्ताद पाच मिनिटांत बाहेर आले, म्हणाले, "हो गया. अंदर जा, ज्यादा मत बोल."

आत साहेबांनी कागदावरून विचारलं, "हरनामसिंग म्हणतात की लाकूड त्यांनी वाळवून पाहिलं, नवा प्रयोग म्हणून. बरोबर?"

उस्ताद त्या पंधरवड्यात रजेवर होते, हे हजेरीपटात लिहिलेलं होतं. तो कुणी उघडला नाही. साहेबांना त्यांची ती फेरी आणि ते "सिस्टिमॅटिक" आठवलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. माझं भाषण मला अजून पाठ होतं. तोंडातून एवढंच निघालं, "जी."

साहेबांनी बिस्किटांची बशी पुढे केली. मी एक घेतलं. खाल्लंही.

उस्तादांच्या सेवापुस्तकात ताकीद लागली. फोरमनची जागा दुसऱ्या विभागातल्या एका गृहस्थाला मिळाली, ज्यांनी चमचा फक्त चहात फिरवला होता. मला जूनअखेर परमनंटचं पत्र मिळालं आणि औशात माझं लग्न धूमधडाक्यात झालं. महानंदा तिकडे आली तेव्हा उस्तादांच्या बायकोने तिला लेकीसारखं सांभाळलं. मी पुढे फोरमन झालो, मग त्याच्याही वर गेलो. उस्ताद शेवटपर्यंत चमच्यावरच राहिले. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांचा साहेब होतो, माइक माझ्या हातात होता आणि मी म्हणालो की उस्तादांनी मला सगळं शिकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मी खाली बसलो.

नंतर लाकूड बंद होऊन गॅस आला. खाण खोल गेली, दगडातलं तांबं कमी झालं, बाहेरून आणलेलं स्वस्त पडू लागलं आणि एके दिवशी भट्टीच बंद झाली. मी निवृत्त होऊन नांदेडला घर केलं. लातूर जवळचं होतं, पण तिथे पाण्याचा प्रश्न आणि सासुरवाडी, दोन्ही.

गेल्या हिवाळ्यात फोन आला. "मराठे, नांदेड आए हैं, मत्था टेकने." उस्ताद सुनेबरोबर गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आले होते. मी घरी जेवायला घेऊन आलो. भट्टीकडे बघून बघून डोळे अधू झालेले, हात मात्र तसाच दणकट. महानंदाने भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी केली. अर्ध्या जेवणात मी सगळं बोलून टाकलं. बायकोला, त्यांच्या सुनेला, सगळ्यांसमोर. लाकूड मी वाळवलं, "जी" मी म्हणालो, फोरमनची जागा माझ्यामुळे गेली.

महानंदा पळी हातात धरून उभी राहिली. "आन हे तुम्ही मला आता सांगायलाव? म्हंजी माझं लगीन उस्तादांच्या बढतीवर लागलं म्हणा की!"

उस्ताद भाकरी मोडत होते. घासाला चटणी लावून तो त्यांनी खाल्ला. मग म्हणाले, "उस दिन बोलना था, मराठे. आज बोल के तेरा बोझ उतरा. मेरा क्या उतरा?"

मला वाटलं होतं ते हसतील, पाठीवर थाप मारतील. इतकी वर्षं मी त्या थापेची वाट बघत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि स्वतःची लाज वाटली.

मी विचारलं, "मग मी काय करू?"

"जहाँ लिखा है, वहाँ कटवा." मग महानंदाकडे वळून म्हणाले, "चटनी अच्छी है." आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

मी कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. हरनामसिंग यांच्या सेवापुस्तकातली ताकीद चुकीची आहे, खरा दोषी मी, कृपया दुरुस्ती करावी. तीन महिन्यांनी उत्तर आलं की बंद झालेल्या विभागाच्या जुन्या फाइली नष्ट करण्यात आल्या आहेत, सबब दुरुस्ती करता येत नाही. मी फोन करून उस्तादांना ते सांगितलं. पलीकडून ते म्हणाले, "तो अब सिर्फ तेरे-मेरे पास लिखा है." आणि तब्येत विचारून फोन ठेवला.

म्हणून संपादकांनी आढावा मागितला तेव्हा मी नाही म्हटलं नाही. छापलेलं नष्ट करायला निदान वेळ तरी लागतो. या लेखाचं हिंदी करून मी पंजाबला पाठवणार आहे, सून त्यांना वाचून दाखवेल. बाकीचा मजकूर तिने गाळला तरी चालेल, एवढं वाचावं: ते लाकूड हरनामसिंग यांनी वाळवलं नव्हतं. मी वाळवलं होतं. आणि मला त्या खोलीत विचारलं होतं, तेव्हा मी खोटं बोललो.